आयाबाईची काबरी

माझा आवाज मोठा आहे. आईला त्याची लाज वाटायची, पण आमच्या चर्चच्या तरुण संघाला त्याची किंमत कळली होती. ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत एकदा हंगामाच्या सणाला संघाने मला लिलाव पुकारायला उभं केलं, ते या आवाजाच्याच जोरावर. मी एकोणीस वर्षांची होते आणि मला पेटी हवी होती.

पेटी म्हणजे हार्मोनियम. तशी चर्चमध्ये एक होती, पण ती महिला मंडळाची. ती लाकडी खोक्यात, खोक्याला कुलूप आणि कुलपाची किल्ली अध्यक्षबाईंच्या पदराला. नाताळच्या गाण्यांची तालीम करायची तर आधी त्यांच्या घरी जायचं, त्यांच्या गुडघ्यांची चौकशी करायची, आणि "उद्या पाहू" ऐकून परत यायचं. एकदा किल्ली मिळाली, तर आमच्यातल्या एका शहाण्याने पेटीवर सिनेमाचं गाणं वाजवलं. अध्यक्षबाई नेमक्या खिडकीखालून चालल्या होत्या.

"तुमची पेटी तुमी घ्या," त्या म्हणाल्या, आणि विषय संपला.

घ्यायची कशी? वर्गणी काढली, पण संघातली निम्मी पोरं नोकरी शोधत हिंडणारी, बाकीची कॉलेजात. नाटक बसवलं. तिकीट लावलं, तर सगळं गाव कुणाचा तरी मामा नाहीतर मावशी निघालं आणि फुकट बसलं. शेवटी पाळकसाहेबांना आमची दया आली. हंगामाच्या सणाला जे जिवंत येईल त्याच्या लिलावाचे पैसे तरुण संघाचे, बाकी सगळं चर्चच्या मंडळीचं, असं त्यांनी ठरवून दिलं. म्हणजे कोंबड्या आमच्या आणि कोहळी त्यांची.

हा सण धान कापून झाल्यावर येतो. त्या रविवारी लोक आपापल्या घरचं काहीबाही आणून वेदीसमोर ठेवत. धानाच्या पेंढ्या, कोहळी, वांगी, केळीचा घड, तळ्यातले शिंगाडे, कोरपन्याकडच्या पाहुण्यांनी आणलेला कापूस. एकाने एकदा टोपलीभर मोहफुलं आणली होती. ती वेदीसमोर ठेवायची की नाही यावर पाळकसाहेबांनी बराच विचार केला आणि टोपली दाराबाहेर ठेवायला लावली. उपासना संपली की अंगणातल्या कडुलिंबाखाली लिलाव.

आमच्या लिलावाची एक रीत होती. बोली जिंकली की माल घरी न्यायचा नाही. पैसे द्यायचे, माल पुन्हा टेबलावर ठेवायचा आणि म्हणायचं, "पुकारा परत." एकच कोहळं चार-चार वेळा विकलं जाई. शेवटी ज्याला स्वयंपाकाची घाई असेल तो ते घेऊन जाई.

आयाबाईच्या कोंबडीची रीत याहून निराळी होती. आयाबाई म्हणजे दवाखान्यात आयाचं काम केलेली म्हातारी. नवरा कधीच गेलेला, मूल नाही, चर्चच्या मागे एक खोली. तिच्याजवळ एकच कोंबडी, काबरी, ठिपक्याठिपक्यांची. तिची अंडी विकून चहा-साखर चालायची. दर सणाला आयाबाई काबरीचे पाय चिंधीने बांधून आणायची, वेदीसमोर ठेवायची. काबरी तीनदा-चारदा विकली जायची. शेवटचा घेणारा जाता जाता तिला हळूच आयाबाईच्या अंगणात सोडून द्यायचा. हे कुणी ठरवलं नव्हतं. म्हातारीची एकुलती एक कोंबडी कोण खाणार? सलग तीन सणांना हजर राहून काबरी मंडळीची सभासदच झाली होती. पाळकसाहेबांच्या प्रवचनात ती मधूनमधून बोलायचीही.

त्या वर्षी मी एक अक्कल चालवली. आपणच आणायचं, आपणच विकत घ्यायचं, यात पेटी कशी येणार? बाहेरचे लोक बोलवू. शनिवारी सायकल काढून मी माजरीच्या खाण-वसाहतीत गेले आणि दारोदार सांगितलं, "उद्या चर्चात लिलाव आहे, गावरान माल आहे, या." सगळं सांगितलं, रीत तेवढी सांगितली नाही. ती सांगायची असते हेच मला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी खरंच पाच-सहा जण आले. त्यांत एक खाणीतले भाऊ होते, फटफटीवरून आलेले, सोबत पांढरंशुभ्र धोतर नेसलेले सासरे. मी त्यांना ओळखत होते, खाणीत माझ्या सख्ख्या भावाच्याच पाळीत कामाला. "जय भीम, बाई, आलो बगा," ते म्हणाले. मी खुशीत त्यांना पुढे बसवलं.

काबरी टेबलावर आली. मी पुकारा सुरू केला. आमच्या लोकांना माहीत, कोंबडी कुठेच जायची नाही, म्हणून ते बिनधास्त बोली चढवत होते. भाऊही चढवत होते. सासरे बघत असताना माघार कशी घ्यायची? एक्कावन्न रुपयांवर सगळे थांबले. बाजारात त्या पैशांत दोन कोंबड्या आल्या असत्या. "एक बार, दोन बार, तीन बार!" मी असं ओरडले की कडुलिंबावरचे कावळे उडाले. भाऊंनी पैसे दिले, काबरीला पिशवीत घातलं, पिशवी हँडलला अडकवली, सासऱ्यांना मागे बसवलं आणि फटफट करत निघून गेले.

सगळे आधी आयाबाईकडे आणि मग माझ्याकडे बघायला लागले. आयाबाई रस्त्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते तेव्हा मला वाचता आलं नाही. मला वाटलं, म्हातारीला धक्का बसला.

"भरली तुह्यी पेटी," अध्यक्षबाई मला म्हणाल्या. "म्हातारीच्या पोटावर पाय देऊन."

मला इतका राग आला, की तो त्यांचा आला की माझा स्वतःचा, हेच कळेना. मी एक्कावन्न रुपये उचलले, सायकल काढली आणि सुटले. अर्ध्या-पाऊण तासाची वाट, समोरून कोळशाचे ट्रक, तोंडात काळी धूळ. डोळ्यांसमोर एकच चित्र, चुलीवरचं पातेलं.

काबरी जिवंत होती. भाऊंच्या अंगणात टोपलीखाली कॉक-कॉक करत होती आणि वहिनी पाट्यावर मसाला वाटत होत्या. मी धापा टाकत सगळं सांगितलं. म्हातारी, अंडी, चहा-साखर, रीत.

भाऊंनी डोक्याला हात लावला. "मंग आधी काऊन नाई सांगितलं, बाई? मी कायले घेतली असती?" त्यांनी लगेच टोपली उचलली. पैसे मात्र परत घेईनात. "राहू द्या तुमच्या संघाले. देल्ले ते देल्ले."

"आणि सासरे?"

"त्यायले वांगे खाऊ घालतो," ते म्हणाले. वहिनींनी वाटता वाटता माझ्याकडे जे पाहिलं, ते मी अजून विसरले नाही.

मी परत आले ती विजयी वीराच्या थाटात. पैसेही संघाचे आणि कोंबडीही म्हातारीची. आयाबाई दारात बसून शेंगा सोलत होती. मी काबरीला तिच्यापुढे सोडलं.

"घे, आणली तुझी काबरी."

आयाबाईने शेंगा बाजूला ठेवल्या. "कोणी सांगितलं होतं तुले?"

"कोणी नाही. मीच गेले."

"काऊन गेली?" तिचा आवाज चढला. आयाबाईचा आवाज चढलेला मी त्याआधी ऐकला नव्हता. "दरसाल मी देवापुढं कोंबडी ठेवतो, आन दरसाल कोणी ना कोणी माह्या अंगणात आणून फेकते. भिकाऱ्याच्या ताटात टाकल्यावानी. तुमी सगळे देता, तुमचं देवाले चालते. माह्यंच काऊन चालत नाई?" ती डोळे पुसायला लागली. "यावर्षी गेली. मी डोळ्यानं पाह्यली जाताना. म्हटलं, घेतली वो बाप्पा, एकदाची घेतली. आन तू पोट्टी वापस घेऊन आली!"

मी तिथेच उकिडवी बसले. तीन वर्षं आम्ही सगळे तिच्यावर उपकार करत होतो आणि घरी जाऊन बरं वाटून घेत होतो. तिला एकदाही कुणी विचारलं नव्हतं.

"आन पैसे?" तिने विचारलं.

"ते त्यांनी परत घेतले नाहीत."

"म्हंजे पैसेबी ठेवले आन कोंबडीबी आणली? याले काय म्हंतात वो?" तिने स्वतः काबरीला पकडलं, पाय पुन्हा चिंधीने बांधले आणि माझ्या हातात दिली. "जा. देऊन ये."

मी पुन्हा सायकल काढली. पुन्हा ट्रक, पुन्हा धूळ, आणि पिशवीतून काबरीच्या तक्रारी. मला पाहून भाऊ दारातच हसायला लागले. "बाई, तुमच्या चर्चात कोंबड्या विकता, का फिरायले आणता?" मी आयाबाई काय म्हणाली ते सांगितलं. त्यांचं हसू थांबलं. त्यांनी पिशवी दोन्ही हातांनी घेतली. "बरं," एवढंच म्हणाले आणि आत वहिनींना हाक मारली. वहिनींनी मसाल्यावर झाकण ठेवलं होतं, तो फुकट गेला नाही.

पेटी नाताळच्या आधी आली. नागपूरहून, एसटीच्या टपावरून. जुनीच होती, एक सूर किंचित घशातून यायचा, पण आमची होती आणि तिला कुलूप नव्हतं. पहिल्या रविवारी सगळी मंडळी तिच्याभोवती जमली. अध्यक्षबाईंनीसुद्धा एक पट्टी दाबून पाहिली आणि "बरी आहे" म्हणाल्या. फक्त आयाबाई पेटीजवळ आली नाही. ती बाकावर बसून माझी वाट बघत होती.

"त्या पाहुण्याले आवडली का?" तिने विचारलं.

मला माहीत नव्हतं. खोटं बोलता आलं असतं, पण तिच्यापुढे ती हिंमत झाली नाही. दुसऱ्या दिवशी मी चौथ्यांदा वसाहतीत गेले. भाऊ पाळीवरून नुकतेच आले होते, तोंड धूत होते.

"आता काय वापस पाहिजे, बाई? पिसं?"

मी विचारलं. त्यांनी टॉवेलने तोंड पुसलं. "सांगा त्या बाईले," ते म्हणाले, "सासरे दोन दिवस जास्त राह्यले. आन हाडंसुद्धा सोडले नाई."

संध्याकाळी आयाबाईकडे गेले. तिचं अंगण रिकामं होतं, खुराडं झाडून भिंतीला उलटं टेकवून ठेवलेलं. तिने माझ्यापुढे चहा ठेवला, बिनसाखरेचा. मी भाऊंचा निरोप जसाच्या तसा सांगितला. तिने तो ऐकला आणि माझ्याकडे सरकून बसली.

"हाडंसुद्धा?" तिने विचारलं.

"हाडंसुद्धा, आयाबाई."

"सांग पुन्हा," ती म्हणाली, आणि मी माझ्या मोठ्या आवाजात पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.