डावा खांदा, अर्धा इंच

दारव्ह्याच्या बसस्टँडमागं दीपमालाचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन माणसं आत गेली की तिसऱ्यानं बाहेर उभं राहायचं. पण पाटी मोठी होती आणि तिच्यावर लिहिलं होतं, 'दीपमाला जेन्टस् टेलर'. ब्लाउज शिवणाऱ्या बाया गावात पायलीच्या पन्नास, पँटला चेन बसवणारी बाई एकच. लहानपणी ती एका म्हाताऱ्या शिंप्याकडं काज-बटणाला बसायची. म्हाताऱ्याचे डोळे गेले तेव्हा त्यानं पोटची पोरं सोडून मशीन हिच्या हवाली केली, कारण पोरांना सुईत दोरा ओवायचाही कंटाळा होता. दीपमाला गिऱ्हाइकाचं माप एकदा घ्यायची ते जन्मभर लक्षात ठेवायची. कुणाचं पोट सुटलं आणि कुणाचा दंड वाळला, हे त्याच्या बायकोआधी हिला कळायचं.

पण लग्नाच्या आड आली ती ही पाटीच.

दोन हजार चार-पाचची गोष्ट. कापसाचा भाव उतरला की लग्नाच्या बाजारात नोकरीचा भाव चढतो, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्या वर्षांत तर तो एवढा चढला होता की कुठल्या ऑफिसात पाणी भरणाऱ्याचं स्थळ आलं तरी पोरीचा बाप उठून उभा राहायचा. दीपमालाचा बाप बळीराम बाजार समितीत हमाल. यार्डात कापसाच्या गाड्याच येईनात, तर हमाली कुठून येणार? तरीही त्यानं पोरीला पाहायला आलेल्या नऊ स्थळांचा पाहुणचार केला. स्थळ यायचं ते जीप भरून. नवरा मुलगा एक आणि खाणारी तोंडं बारा. पोहे, चिवडा, पेढे, केळी, वर स्पेशल चहा. तुळसाबाई, म्हणजे दीपमालाची माय, चुलीपुढून उठायची नाही. पाहुण्यांपैकी कुणीतरी छताकडं बघून हटकून विचारायचं, "पंखा बंद हाय काय?" पंखा दोन वर्षांपासून बंद होता. बळीराम मान खाली घालायचा. मग हात धुता धुता पाहुण्यांतली एखादी बाई दुसरीच्या कानात, पण सगळ्या घराला ऐकू जाईल एवढ्या हळू, म्हणायची, "परक्या मानसायच्या छातीले टेप लावते म्हने पोट्टी." आणि जीप निघताना ठरलेला शब्द, "कळवतो."

नवव्या 'कळवतो'नंतर मध्यस्थ बाबाराव दोन स्थळं एकदम घेऊन आला. एक यवतमाळच्या सरकारी कचेरीतला श्रावणबाबू. वय चाळीस, बायको वारलेली, नोकरी पक्की. पोरगी बघायची त्यांना गरज वाटली नव्हती. शिवणकाम करते एवढं ऐकून त्यांनी निरोप धाडला होता, 'साखरपुड्याआधी दुकान बंद झालं पाहिजे.' पोरीचं नावसुद्धा विचारलं नव्हतं. दुसरा कळंबचा धम्मरत्न. बाबाराव म्हणाला, "कंपनीत सुपरवायझर हाय, गाडी हाय, मोबाईल हाय."

"बाबा, आता जीप नाही अन् पोहे नाही," दीपमाला म्हणाली. "कळंबचा पोट्टा एकटा येईन. गोविंदाच्या हॉटेलात बसू. मी त्याले पाहीन, तो मले पाहीन."

"लोक काय म्हनतीन, पोरी?"

"नऊ येळा पोहे खाऊन लोकायनं काय म्हटलं?"

बळीरामला हे पटलं. पण तोही बापच होता, पोरीला सव्विसावं सरत आलेलं. "बरं," तो म्हणाला, "पन हे शेवटचं. हे नाही जमलं तर श्रावणबाबूले हो म्हनून सांगतो. मंग रडाचं नाही."

दीपमाला उठली. दुकानात गेली आणि मशीनला तेल घातलं. हो म्हटलं तर ही मशीन जाणार होती.

आजकालची पोरं याला डेट का काय म्हणतात. तेव्हा दारव्ह्यात त्याला नाव नव्हतं, म्हणून सगळा बसस्टँड बघत होता. बाजाराच्या दिवशी बारा वाजता धम्मरत्न आला. लाल मोटरसायकल, गॉगल, अंगात निळ्या चौकडीचा कडक इस्त्रीचा शर्ट. गोविंदाच्या हॉटेलात कोपऱ्यात पडदा लावून 'फॅमिली रूम' केलेली होती. धम्मरत्न बसला आणि त्यानं मोबाईल टेबलाच्या बरोब्बर मधे ठेवला. मग गोविंदाला हाक मारून म्हणाला, "दोन मसाला दोसे, कचोरी, लस्सी दोन, अन् नंतर आइस्क्रीम."

"एवढं कोन खाईन?" दीपमालानं विचारलं.

"खा ना. पैशाचं काई टेन्शन नाही."

पण टेन्शन त्याच्या कपाळावर घामाच्या थेंबांनी लिहिलेलं होतं. आलेल्या प्रत्येक बशीकडं तो असा बघायचा, की मनातल्या मनात बेरीज चाललीय हे आंधळ्यालाही दिसावं. कंपनी कोणती म्हटलं तर म्हणाला, "मोटरची." मोबाईलचा नंबर विचारला तर त्यानं तो उचलला, उलटा केला, सुलटा केला आणि म्हणाला, "नवीन हाय, पाठ नाही झाला."

दीपमालाचं लक्ष मात्र नंबरात नव्हतंच. ती त्याच्या डाव्या खांद्याकडं बघत होती. खांदा सरळ आणि शर्टाला झोल. उजवीकडं बसलाय चपखल, डावीकडं कॉलरपासून बाहीपर्यंत सुरकुती. एवढं वाईट कोण शिवेल, असं तिच्या मनात आलं. मग तिला कॉलरची टीप दिसली आणि तिनं हातातला घास बशीत ठेवला. टीप तिची होती. शर्ट तिनंच शिवला होता.

दारव्ह्याजवळच्या तांड्यावरच्या हरिसिंग राठोडांचा मुलगा बादल. लहानपणी आंब्यावरून पडून त्याचा डावा खांदा मोडला, तो जुळला तोही उतरता. कुठलाही शर्ट घातला तरी पोरगा वाकडा दिसायचा. दिवाळीला दीपमालानं त्याच्या शर्टाचा डावा खांदा अर्धा इंच उतरता कापला, आणि बादल पहिल्यांदा आरशात सरळ दिसला. तो शर्ट आज तिच्यासमोर बसून लस्सी पीत होता.

तिला हसू आलं आणि रागही आला. राग जास्त. नऊ जणांनी आपल्या घरचं खाऊन आपल्याला तोललं, आणि हा दहावा उसन्या पिसांचा मोर! उठून जावं असं वाटलं. पण उठून जायचं म्हणजे थेट श्रावणबाबूंच्या घरात जायचं. आणि काही न बोलता हो म्हणायचं, तर जन्मभर ही सुरकुती बघत बसायचं. तेवढ्यात तिची नजर त्याच्या हातांवर गेली. नखांत वार्निशचा पिवळा थर, बोटांवर तारेच्या बारीक चिरा. हे हात उसने नव्हते.

"बादलचा खांदा आता कसा हाय?" तिनं विचारलं.

धम्मरत्नच्या हातातला चमचा थांबला. "कोन बादल?"

"ज्याचा शर्ट तुमी घातला. म्या शिवला तो. तुमचे दोन्ही खांदे सरळ हायेत, शर्टाचा डावा अर्धा इंच उतरता हाय. सांगा आता, अजून काय काय बादलचं हाय?"

धम्मरत्ननं खिशातून गॉगल काढून टेबलावर ठेवला. मग गाडीची किल्ली ठेवली. मोबाईल तिच्याकडं सरकवला. "यात सिम नाही," तो म्हणाला. "हे सारं त्याचं. आयटीआयला आमी संगं होतो." मग खाली बघून हळूच बोलला, "चप्पल तेवढी माह्यी हाय."

दीपमाला हसली. एवढ्या जोरात, की गोविंदानं पडदा बाजूला करून आत बघितलं.

मग बाकीचंही निघालं. तो कळंबला एका दुकानात जळालेल्या मोटरी भरायचा, म्हणजे आतली तांब्याची तार नव्यानं गुंडाळायचा. सुपरवायझर हे बाबारावानं लावलेलं शेपूट. "बाबाराव म्हने, दुकानवाली पोट्टी हाय, साध्या कपड्यात गेलास तर बसू बी देनार नाही. म्या बी हो म्हटलं. चुकलं माह्यं."

बिल आलं चौऱ्याऐंशी रुपये. धम्मरत्ननं खिशात हात घातला, तेव्हा दीपमालानं बेचाळीस रुपये काढून टेबलावर ठेवले.

"पोरीकून पैसे?" गोविंदा दचकला. "माह्या हॉटेलात असं कदी झालं नाही."

"आता झालं," ती म्हणाली. आणि धम्मरत्नला म्हणाली, "पुढच्या बाजारी घरी या. सवताच्या शर्टात. जे मले सांगतलं ते माह्या बाबाले सांगा. दुकानाचं काय, ते बी तिथंच बोला."

घरी तिनं सगळं खरं सांगितलं. बळीरामनं डोक्यावरचा रुमाल काढून आपटला. "उसन्या शर्टाचा जवाई? अन् तिकडं पक्की नोकरी उभी हाय दारात!"

"तुमी शेवटचं म्हटलं होतं ना? मंग शेवट होऊ द्या," ती म्हणाली.

त्या आठ दिवसांत तिनं अकरा शर्ट शिवले आणि दोनदा बाह्या उलट्या जोडल्या. असं तिच्या हातून कधी झालं नव्हतं.

बाजाराचा दिवस उजाडला. बाराची बस आली, तो नाही. दोनची आली, तो नाही. बळीरामनं पायात जोडे घातले होते. बाबारावाकडं जायला. तुळसाबाई पोरीकडं बघायचं टाळत होती. दीपमाला दाराच्या चौकटीला टेकून उभी होती आणि तिला पहिल्यांदा वाटलं, की आपण फार शहाणपणा केला.

साडेतीनला गल्लीच्या तोंडाशी काळीपिवळी जीप थांबली. धम्मरत्न मागच्या पायरीवरून उतरला. खाकी शर्ट, धुऊन धुऊन पांढरट झालेला, पोटावर वार्निशचा डाग, पण खांदे आपापल्या जागी. एका हातात पान्यांची थैली, दुसऱ्या हातात तेलकट पुडा.

"जय भीम. उशीर झाला," तो बळीरामला म्हणाला. "एकाची विहिरीवरची मोटर जळाली होती, त्याले तसंच सोडून येता येईना." पुडा त्यानं तुळसाबाईच्या हातात दिला. आलुबोंडे होते. नऊ जिपा येऊन गेल्या, पण पाहुण्यानं घरच्यांसाठी खायला आणलंय असं त्या घरानं पहिल्यांदा बघितलं. तुळसाबाईला पदर डोळ्याला लावावा लागला.

मग तो खाली बसला, छताकडं बघितलं आणि म्हणाला, "पंखा काहून बंद हाय?"

झालं! बळीरामच्या कपाळाची शीर उठली. तो तोंड उघडणार, तोच धम्मरत्न स्टुलावर चढला होता. हातानं पातं फिरवलं, कान लावला, थैलीतून बोटाएवढा डबा काढून दोन तारा जोडल्या. "कंडेन्सर गेला होता. बटन दाबा."

पंखा फिरला आणि दोन वर्षांची धूळ आलुबोंड्यांवर, बळीरामच्या रुमालावर आणि तुळसाबाईच्या केसांवर धो धो पडली. सगळे खोकले. खोकता खोकता बळीराम हसायला लागला, आणि एकदा लागला तो थांबेना.

शेवटी तोंड पुसून त्यानं विचारलं, "सुपरवायझर नाही ना तुमी?"

"नाही. दुसऱ्याच्या दुकानात कामाले हाय. पोटापुरतं भेटते."

"अन् पोरीचं दुकान?"

"ते तिचं हाय, मी काय बोलू? बाजूले हातभर जागा भेटली तर माह्यी मशीन बसवीन म्हनतो."

"लोकायच्या छातीले टेप लावते ते. लोक बोलतेत."

"मी बायायचे मिक्सर खोलून देतो," धम्मरत्न म्हणाला. "मले तर कोनी काई म्हनत नाही."

बळीरामनं पायातले जोडे काढले आणि कोपऱ्यात नीट लावून ठेवले. दीपमालाला तेवढं पुरलं. ती आत गेली, तिनं भिंतीला तोंड केलं आणि पोटभर रडली. आनंद एवढा जड असतो हे तिला माहीत नव्हतं.

वैशाखात विहारात लग्न लागलं. नवऱ्याचा पांढरा शर्ट नवरीनं शिवला होता. बादल निळ्या चौकडीचा शर्ट घालून आला आणि सरळ खांद्यानं सगळ्यांना सांगत सुटला, की हे लग्न माझ्या शर्टानं जमवलं. लग्नाच्या चौथ्या दिवशी दुकान उघडलं. बाजूला पत्र्याचं शेड उभं राहिलं आणि धम्मरत्नची मशीन तिथं घरघरू लागली. गोविंदाच्या फॅमिली रूममध्ये पोरी आपला आपला हिस्सा टेबलावर ठेवायला लागल्या, आणि गोविंदा आता दचकेनासा झाला.

दिवाळीच्या तोंडावर एक गिऱ्हाईक आलं. नुकतीच यवतमाळहून दारव्ह्याला बदली झालेले बाबू, केसांना ताजा कलप. "अर्जंट पाहिजे, बाई," त्यांनी कापड ठेवलं. "पोरगी पाहाले जायचं हाय."

"नाव काय लिहू?"

"श्रावणबाबू. सरकारी नोकरीत हाय."

दीपमालानं नाव लिहून घेतलं. मग तिनं गळ्यातला टेप काढला. "हात वर करा."

त्यांनी निमूट हात वर केले. तिनं टेप छातीभोवती घेतला. "पोरगी काय करते?"

"ब्युटी पार्लर हाय म्हने तिचं. ते बंद कराले सांगतलं म्या."

"अस्सं. मंग परक्या बाईनं तुमच्या छातीले टेप लावला, ते तिले सांगनार का?"

शेडमधली मशीन बंद झाली. धम्मरत्न कान देऊन ऐकत होता. श्रावणबाबूंनी पाटीकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं, आणि बाबारावाकरवी धाडलेला आपलाच जुना निरोप त्यांना हळूहळू आठवत गेला, तसा कलपाखालून घाम उतरला. हात मात्र वरच राहिले.

"खाली करा," दीपमाला म्हणाली. "छाती अडतीस. शर्ट गुरुवारी भेटन, खांदे एकदम सरळ बसवते. पार्लरचं तुमी पाहा."