कमानीला पाणी

सोसायटीच्या कमानीखालून जाताना माझी मान आजही खाली जाते. ती बांधणारा गवंडी युसूफ वडगाव नावाच्या गावचा होता. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही.

दुष्काळाचं साल होतं, गावात टँकर एक दिवसाआड यायचा, आणि आमच्या चेअरमनला रोमसारखी कमान हवी होती. चित्र माझ्याच पुस्तकातलं. मी शाळेत इतिहास शिकवायचो. त्याने मागितलं आणि मी खुशीत दिलं.

पोराचा ताप बघावा तसा गवंडी काँक्रीटवर तळहात ठेवायचा आणि मग पाइपाने पाणी मारायचा. टँकर आधी कमानीपाशी रिकामा व्हायचा. बाया घागरी घेऊन पलीकडे उन्हात उभ्या असायच्या.

एकदा त्याने चित्रावर बोट ठेवलं. "सर, एवढ्या कमानी कावून बांधल्या? वेशीला तर एकच बास हाय."

"ती वेस नाही," मी म्हणालो. "वर पाट आहे. त्यातून डोंगरातलं पाणी शहरात यायचं."

तो बाजूला थुंकला.

"म्हंजे त्यांची कमान गावाला पाणी पाजायची, अन् मी इथं कमानीला पाजायलोय. तुमाला ठावं होतं, तरी बोलला न्हाईत?"

त्याने पाइप ओढत नेला आणि पहिल्या घागरीत सोडला.

पुढच्या टँकरला कमानीवर दुसरा गवंडी होता. उद्घाटनाला चेअरमनने मला रोमवर बोलायला बोलावलं. मी अर्धा तास बोललो. पाण्याचा विषय काढला नाही.