घारीला गरुड म्हणणारे काका

भिंगकाकांनी आयुष्यात दोनच कामं जीव लावून केली. एक म्हणजे चष्म्याची भिंगं घासली आणि दुसरं म्हणजे पाखरं पाहिली. चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत यंत्रापुढे वाकून अडतीस वर्षं काढली. भिंगावरचा केसाएवढा ओरखडा त्यांना नुसत्या डोळ्यांनी दिसायचा, आणि दिसला की ते भिंग सरळ टोपलीत जायचं. मालक कुरकुरायचा, पण गिऱ्हाईक तक्रार घेऊन कधी परत आलं नाही. काका निवृत्त झाले त्याच वर्षी काकू गेल्या. मुलगी दूरदेशी. ती दर शनिवारी फोन करायची, जेवलात का विचारायची, आणि जेवलो म्हटलं की ठेवायची.

उरला होता तो फोनवरचा गट. गावातल्या चाळीसेक पाखरंवेड्यांचा, नाव ‘आज काय दिसलं’. कोणी तळ्यावरून, कोणी कचेरीच्या खिडकीतून एखादा धूसर फोटो टाकायचं आणि विचारायचं, “काका, हा कोण?” काका दोन मिनिटांत सांगून मोकळे. खाली जोडलेले हात यायचे, एखादा अंगठा यायचा, विषय संपायचा. बरोबर उत्तराचं हेच वाईट, पुढे बोलायला काही उरत नाही. दिवसाला चार उत्तरं म्हणजे आठ मिनिटं झाली. बाकीचा दिवस काका आणि भिंतीवरचं घड्याळ एकमेकांकडे बघत बसायचे.

एकदा काका खरोखरच चुकले. फोटोत घारीने शेपटी पंख्यासारखी पसरली होती, त्यामुळे घारीची खूण असलेली शेपटीची खाच दिसत नव्हती. काकांनी घाईत लिहून टाकलं, “गरुड.” मग काय विचारता. दुपारभर फोन टेबलावर थरथरत होता. कोणी पंखांची मापं काढली, कोणी जुने फोटो धुंडाळले, गटातल्या एका सुताराने तर फोन करून अर्धा तास हुज्जत घातली आणि शेवटी विचारलं, “बाकी बरे आहात ना?” काकांना त्या रात्री छान झोप लागली.

तिथून त्यांनी जाणूनबुजून चुकायला सुरुवात केली. आठवड्यातून एकदा, फार नाही. पक्षी साधाच निवडायचा, म्हणजे कोणाचं नुकसान नको. नर असला की मादी म्हणायचं, पिल्लू असलं की वेगळीच जात सांगायची. घरच्या नोंदवहीत मात्र ते अक्षरनअक्षर खरं लिहीत. तिथे खोटं लिहायला त्यांचा हात धजला नसता.

गटातली माणसं हळूहळू हसेनाशी झाली. मग एक दिवस कोणीतरी चुकून सगळ्यांपुढेच लिहिलं, “काकांची नजर गेली वाटतं.” लगेच पुसलं, पण काकांनी वाचलं होतं. निम्म्या गावाच्या नाकावर ज्यांनी घासलेली भिंगं होती, त्यांची नजर गेली म्हणे. काकांना ते फार लागलं. खुलासा लिहायला घेतला, पण लिहिणार काय? करमत नाही म्हणून चुकतो, असं? त्यांनी तो पुसून टाकला.

पुढच्या रविवारी सकाळी दारावर टपाल कचेरीतल्या बाई उभ्या. गटातल्या सगळ्यांत चिकाटीच्या. मानमोडी नावाचा पक्षी दिसावा म्हणून अकरा हिवाळे पायपीट करत होत्या. झाडाच्या सालीच्याच रंगाचा, मान पार मागे वळवणारा, आणि समोर बसला तरी न दिसणारा. काकांनाही तो उभ्या जन्मात दिसला नव्हता.

“डॉक्टरांना दाखवलंत का, काका?” बाईंनी बसल्या बसल्या विचारलं.

“वयाचं आहे,” काका म्हणाले. “इलाज नाही.”

“मग मी येत जाईन रविवारी. गटात आलेलं वाचून दाखवीन. पाखरं कशी दिसतात तेही सांगीन.”

काका नाही म्हणू शकले नाहीत. बाई यायच्या, गच्चीच्या कठड्याला पाठ टेकून बसायच्या, आणि चांगल्या धडधाकट डोळ्यांच्या माणसाला फोटोतल्या पिसांचे रंग समजावून सांगायच्या. काकांना शरम वाटायची. पण शनिवारपासूनच ते कपबश्या घासून ठेवायचे.

चौथ्या रविवारी बाई मान खाली घालून वाचत होत्या. त्यांच्या मागे, कठड्यापलीकडच्या वाळक्या झाडावर, सालीचा एक तुकडा हलला. काकांनी श्वास रोखला. तुकड्याने मान वळवली, पार पाठीपर्यंत, आणि मुंग्या टिपायला लागला.

पाखरू दिसलं की आधी शेजाऱ्याला दाखवायचं, मग स्वतः बघायचं, हा गटाचा नियम. तो काकांनीच घातलेला. “हलू नका, हळूच मागे बघा,” एवढंच म्हणायचं होतं. बाईंचे अकरा हिवाळे सार्थकी लागले असते. आणि मग त्यांनी काकांकडे वळून पाहिलं असतं. बिनचष्म्याच्या, वीस हातांवरून सालीवरची साल ओळखणाऱ्या म्हाताऱ्याकडे. त्यानंतर कोणत्या रविवारी आल्या असत्या?

“काय झालं, काका?” बाईंनी मान वर केली. “काही दिसलं का?”

“छे,” काका म्हणाले. “मला कुठलं दिसायला. तुम्ही वाचा.”

बाई वाचत राहिल्या. पाखरू चांगलं पाच मिनिटं बसलं, आणि उडून गेलं.

बाई गेल्यावर काकांनी नोंदवही काढली. दोनशे बारावी जात, मानमोडी. तारीख, वेळ आणि जागा नीट लिहिली. शेवटचा रकाना ‘सोबत’ असा होता. त्यात वर्षानुवर्षं काकूंचं नाव होतं, नंतर गटातल्या कोणाकोणाचं. काकांनी बराच वेळ पेन हातात धरलं. मग त्यात लिहिलं, “कोणी नाही.”