अचानक आणि अनपेक्षित

आमच्या घरात एक वाक्य असं आहे, ज्याच्यावर माझा पगार निघतो आणि ज्याच्यापायी बाबा जाता जाता राहिले. लोअर परळच्या एका विमा कंपनीत पॉलिसीतली कलमं साध्या मराठीत लिहायचं माझं काम. तातडीची वैद्यकीय सेवा म्हणजे काय? तर अचानक आणि अनपेक्षितपणे उद्भवलेल्या त्रासावर, जीव जाऊ नये किंवा कायमचं मोठं नुकसान होऊ नये म्हणून ताबडतोब केलेले उपचार. हे वाक्य माझं, आणि घरच्यांचा विमाही याच कंपनीचा. पुस्तिका छापून आली तेव्हा मी हुरळून पहिली प्रत काळाचौकीला घरी नेली आणि बाबांच्या हातात दिली. इथेच घोळ झाला.

बाबांचा उभा जन्म लालबागच्या छापखान्यात प्रूफं तपासण्यात गेला. छापील शब्दावर त्यांचा देवापेक्षा जास्त विश्वास. पत्रिकेत ‘कृपया आहेर आणू नये’ असं छापलेलं असलं, की हा माणूस लग्नाला खरोखर हात हलवत जातो आणि आई चारचौघांत तोंड लपवते. माझी पुस्तिका त्यांनी दोनदा वाचली आणि एक काना राहिल्याचं दाखवून दिलं.

मग गटारीचा रविवार आला. श्रावण तोंडावर, त्यामुळे चाळीतल्या झाडून सगळ्या दारांतून मटणाचा वास. आई वडे तळत होती. बाबा ताटावर बसले आणि वड्याला हातच लावेनात. कपाळावर घाम, डावा हात चोळतायत.

“सकाळपासून छातीवर पाटा ठेवल्यासारखं वाटतंय,” नळाचं पाणी गेलंय हे सांगावं तितक्या शांतपणे ते म्हणाले.

“चला बाबा, उठा! इमर्जन्सी आहे ही!”

“नाही.”

“नाही म्हणजे?”

“अचानक कुठे झालंय? सकाळी दूध आणायला गेलो तेव्हापासून आहे. तूच लिहिलंयस. उद्या ओपीडीत जाऊ, रीतसर.”

“अहो, अचानकचा अर्थ तसा नसतो!”

“मग तसं लिहायचं होतंस. आणि अनपेक्षित तर मुळीच नाही. ही बाई वीस वर्षं काय सांगतेय?”

शेगडीपाशी आईचा झारा हवेत थांबला. “सांगतंय तर! त्याल खाव नुकात, विडी ओढू नुकात. एक दिवस छातीत कळ येतली नि आडवे पडतलात म्हणान!”

“ऐकलंस?” बाबा मला म्हणाले. “अपेक्षित आहे. खोटं बोलून कंपनीला फसवायचं नाही. तुझी नोकरी आहे तिथे.”

मला हसू आणि रडू एकदमच फुटलं. ऑफिसात मी या एका व्याख्येवरून वकिलांशी भांडते आणि जिंकते. इथे माझा बाप माझंच वाक्य उराशी धरून मरायला बसला होता. मी धावत जाऊन समोरच्या खोलीतल्या काकांना हाक मारली.

हे काका म्हणजे आमच्या मजल्याचे गाऱ्हाणं घालणारे. परीक्षा असो, लग्न असो, नवा फ्रिज असो, काका हातात नारळ घेऊन देवापुढे हकीकत मांडतात आणि बाकीचे ‘होय म्हाराजा’ म्हणून दुजोरा देतात. एकदा गाऱ्हाणं घातलं की विषय देवाकडे गेला, मग कोकणातला माणूस मागे फिरत नाही. मी काय झालं ते दोन वाक्यांत सांगितलं. काकांनी हातातली मटणाची नळी टाकली, हात धुतले, आमच्या ओट्यावरचा नारळ उचलला आणि देव्हाऱ्यापुढे उभे राहिले. दारात सगळा मजला जमला.

“बा देवा म्हाराजा! ह्यो तुझो भगत सकाळपासून छातीर हात ठेवन बसलो हा!”

“होय म्हाराजा!”

“पुस्तकात काय लिवलां हा, तां ह्येका म्हायत. आमका तेतूरला काय्येक कळना नाय. पण ह्येका बघून आमच्या सगळ्यांच्या पोटात गोळो इलो हा!”

“होय म्हाराजा!” यात आईचा आवाज सगळ्यात मोठा.

“तेव्हा ह्येका बुद्धी दी आणि आताच्या आता टॅक्सीत बसव रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!” ज्यांच्या तोंडात घास होता तेसुद्धा ओरडले.

बाबा उठले. इस्त्रीचा शर्ट घालूनच निघाले. “देवासाठी येतोय,” जिन्यात त्यांनी मला बजावलं, “व्याख्येत हे बसत नाही.” टॅक्सीत आई बाबांना धरून बसली होती, मी खिडकीतून डोकं काढून गाड्या बाजूला करत होते आणि मधेच खो खो हसत होते. भीती वाटली की माझं असंच होतं.

परळच्या हॉस्पिटलात ईसीजीचा कागद बाहेर आला आणि डॉक्टरीणबाई चालायच्या ऐवजी धावायलाच लागल्या. हार्ट अटॅकच होता. उद्यावर ढकललं असतं तर उद्या उजाडला नसता, असं त्या म्हणाल्या. बाबांना स्ट्रेचरवर घेतलं. लिफ्टची वाट बघत असताना विम्याच्या टेबलावरची मुलगी फॉर्म घेऊन आली.

“असं काही होईल याची घरात आधी कल्पना होती का?”

“हिला विचारा,” स्ट्रेचरवरून बाबा म्हणाले. “खरं सांग गो.”

आईच्या हाताला वड्यांचं पीठ तसंच होतं. तिने त्या मुलीकडे पाहिलं, मग बाबांकडे.

“नाय,” ती म्हणाली. “माका कधीच वाटला नव्हता.”

बाबांनी मान वळवली. “मगे वीस वर्सां ओरडत होतंस ती कित्याक?”

“ओरडत रवलंय तर होवचा नाय, असा वाटायचा.”

लिफ्ट आली आणि बाबांना आत नेलं. माझं हसणं तिथे थांबलं. मी आईच्या खांद्यावर डोकं ठेवून पोटभर रडले आणि तिच्या हातांचं पीठ माझ्या केसांना लागलं.

बाबा वाचले. पुस्तिकेच्या नव्या आवृत्तीत ‘त्रास काही तासांपासून असला तरीही’ असं मी भांडून घालून घेतलं, आणि त्याचं प्रूफ त्यांनीच तपासलं. आई पुन्हा रोज ओरडते, तेलावरून, मिठावरून, जिने चढण्यावरून. बाबा आता मधे बोलत नाहीत. ती थांबेपर्यंत ऐकत बसतात.