बिनवासाची तपासणी

दोन हजार तेवीस साल. मला बहात्तर वर्षं झाली होती आणि माझे गुडघे एकदम तरुण झालेले. जिना उतरताना कठड्याला लोंबकळणारा माणूस मी, तो कोपरहून ठाकुर्लीपर्यंत चालत जाऊन भाजी आणायला लागलो. भाजी कोपरलाही मिळते. पण चालून दाखवायचं तर भाजी लांबचीच लागते.

ही करामत विठ्ठलवाडीच्या एका वैदूबुवाच्या कॅप्सूलची. डबीवर पानाफुलांचं चित्र, आत म्हणे नुसत्या मुळ्या आणि साली. आमच्या सोसायटीच्या बाकड्यावर संध्याकाळी बसणाऱ्या सगळ्या म्हाताऱ्यांना मीच त्याच्याकडे धाडलं होतं. ते मला मोठा जाणकार मानायला लागलेले. त्यामुळे त्या डबीकडे कोणी बोट दाखवलं की ते मलाच दाखवल्यासारखं लागायचं.

बोट दाखवलं सुनेनं. ती ठाण्याला एका लॅबमध्ये आहे. बाजारात जडीबुटीच्या गोळ्या, चूर्णं विकतात, त्यात खरोखर काय आहे ते शोधायचं तिचं काम. एकदा जेवताना ती माझ्याकडे बघतच राहिली आणि म्हणाली, बाबा, तुमचा चेहरा सुजलाय. मी म्हणालो, सुजला नाही, भरलाय. चालतो ना, म्हणून भूक लागते. तिला संशय असा की वैदूबुवा मुळ्यांबरोबर स्टेरॉइड कुटून घालतो. दुखणं झाकलं जातं, पण आतून साखर वाढते, हाडं पोकळ होतात. एक कॅप्सूल द्या, तपासते, म्हणाली. त्या दिवसापासून मी डबी उशीखाली ठेवायला लागलो.

मी चौथीपर्यंत शिकलेला. पण उभं आयुष्य डोंबिवलीच्या एमआयडीसीत रंगाच्या कंपनीत पिंपं हलवली आहेत. पिंपात काय आहे ते झाकण न उघडता नुसत्या वासावर सांगायचो. केमिकलचं मला कोणी शिकवायचं काम नाही. म्हणून सुनेला विचारलं, तपासतेस कशी ते तर सांग.

ती खुशीत सांगायला लागली. आधी म्हणे पूड मिथेनॉल, क्लोरोफॉर्म असल्या उग्र केमिकलात भिजवायचे, म्हणजे वनस्पतीतला अर्क बाहेर उतरतो. पण डोकी दुखायची आणि खाली उरलेलं घाण पाणी पिंपात भरून ठेवावं लागायचं. आता तिनं नवी पद्धत बसवली होती. थोडं पाणी, थोडं अल्कोहोल, त्यात पूड, आणि बाटली एका छोट्या टाकीत. टाकीतलं पाणी बारीक थरथरतं. चष्मेवाला चष्मा धुतो ना, तसली टाकी. त्या थरथरीनं पुडीतलं सगळं पाण्यात उतरतं. मग गाळायचं आणि मशीनला द्यायचं. मशीन एकेक वस्तू वेगळी करून दाखवतं. घाण उरत नाही, कोणाला त्रास नाही.

मी विचारलं, "वास येतो?"

"अजिबात नाही," ती म्हणाली.

"मग ती तपासणी नव्हे. चहा झाला तो."

बायको भाकरी थापत होती. तिथूनच म्हणाली की लॅबवाल्यांनी ह्यांच्यासाठी थोडं गटार बाटलीत भरून ठेवावं, म्हणजे ह्यांचा विश्वास बसेल.

दोघी हसल्या तसा मी पेटलो. म्हणालो, तीन पुड्या देतो, आत काय ते सांगणार नाही. एका ठिकाणी जरी चुकलीस तरी डबीचं नाव पुन्हा काढायचं नाही. नाही चुकलीस, तर तू सांगशील तसं वागेन. सून तयार झाली. तिच्या साहेबांना तर हे हवंच होतं. नवी पद्धत पारखायला असे न सांगितलेले नमुने लागतातच म्हणे.

दुपारी बायको झोपल्यावर मी कामाला लागलो. पहिल्या पुडीत वैदूबुवाची कॅप्सूल फोडून काढलेली पूड. दुसऱ्या पुडीत आमच्या डब्यातली सुंठ. आणि तिसऱ्या पुडीत पुन्हा वैदूबुवाचीच पूड. तीन पुड्या म्हटल्यावर शिकलेली माणसं तीन वस्तू शोधत बसणार, हा माझा डाव. तिन्हीवर आकडे टाकले आणि हात धुऊन निवांत पडलो.

चार-पाच दिवसांनी सून घरी आली ती थेट माझ्या पलंगाजवळ. पहिली आणि तिसरी पुडी एकच, म्हणाली, आणि दोन्हीत स्टेरॉइड. जुन्या पद्धतीनंही करून बघितलं, तेच आलं. ती पुढं म्हणाली, "दुसरीत सुंठ आहे. आणि थोडी हळद."

मी पलंगावर उभाच राहायचा बाकी होतो. हळद नाही. मी स्वतःच्या हातानं भरलेली पुडी. हरलीस, म्हणालो. बाकड्यावर जाऊन सांगतो, म्हणालो. चपला घालायलाही लागलो.

तेव्हा बायको स्वयंपाकघराच्या दारात आली. "अहो, हळद आहे," ती म्हणाली. "त्या दिवशी मिक्सरच्या भांड्यात आधी हळकुंडं दळली, मग सुंठ. भांडं नुसतं पुसून घेतलेलं."

"धुवायला काय झालं होतं?"

"धुतलं तर वाळत कोण बसणार? आणि सुंठ काय, हळद काय, पोटातच जायची. लॅबमध्ये जाणार हे मला कुठं ठाऊक?"

माझा एक पाय चपलेत, एक बाहेर. माझ्याच घरातल्या सुंठीत हळद आहे हे मला माहीत नव्हतं, ते तिच्या बिनवासाच्या पाण्यानं ओळखलं होतं. मग पहिल्या आणि तिसऱ्या पुडीचं काय बोलणार? मी उशीखालची डबी काढली आणि खिडकीतून भिरकावणार, तर सुनेनं हात धरला. असली औषधं एकदम बंद केली तर माणूस जास्त आजारी पडतो, आधी डॉक्टर, म्हणाली. म्हणजे हरल्यावर धड डबीसुद्धा फेकू देईनात.

संध्याकाळी ती मला नाक्यावरच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी रक्त तपासायला सांगितलं, औषध हळूहळू कसं कमी करायचं ते समजावलं आणि गुडघे पुन्हा दुखतील असंही म्हणाले. मी म्हणालो, दुखू देत, माझेच आहेत. येताना बाकड्यावरून हाक आली, काय हो, आज दवाखान्यात? मी हात हलवला आणि सरळ वर आलो. पण रात्री जेवण गेलं नाही. बाकड्यावरचे सगळे चेहरे माझ्यासारखेच भरलेले होते आणि ते माझ्या भरवशावर.

माझं चुकलं असं चारचौघांत म्हणणं मला जमत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी एकेकाची बेल वाजवली. म्हणालो, वैदूबुवाहून भारी माणूस सापडलाय, डब्या घ्या आणि चला. नेहमीसारखे सगळे निघाले. नाक्यावरच्या दवाखान्यात नेऊन ओळीनं बसवले. कंपाउंडरनं विचारलं, आजोबा, पेशंट कोण? मी म्हणालो, हे सगळे.