फिनला लावलेलं तेल

विंडसर्फिंगच्या फळीखाली फायबरचं, म्हणजे काचेच्या तंतूंचं, एक पातं असतं, त्याला फिन म्हणतात. ती खरखरीत असली की वेगात फळी थरथरते आणि ऐनवेळी घसरते. प्रशिक्षकाच्या परीक्षेला तीन दिवस उरले असताना माझ्या फिनची धार खडपावर आपटून फुटली. पास झाले तर तारकर्लीतच नोकरी, नाहीतर मुंबईला मावशीकडे. मुंबईचं नाव काढलं तरी माझं डोकं उठायचं. दुसरी फिन इतक्यात मिळण्यासारखी नव्हती.

फुटका भाग मी रेझिनने भरला, वाळल्यावर घासला आणि मग नको ते शहाणपण केलं. आमच्याकडे लाकडी होडी घासून झाली की तिला मोरी माशाचं तेल चोपडायची रीत. हात आपसूक डब्याकडे गेला. तेलावर रेझिनचा शेवटचा हात दिला, तर ते अळवाच्या पानावरच्या पाण्यासारखं थेंब थेंब होऊन बसलं. रडकुंडीला येऊन मी शेजारच्या काकांकडे धावले. ते फायबरच्या होड्या दुरुस्त करतात.

काकांनी फिन हुंगली.

"तेल कोणी लायल्यान गो?"

"मियां."

"कित्या? तळूची आसा काय ही?"

ते इतके हसले की मी फिन उचलून निघालेच होते. "बस थंय," म्हणाले, आणि त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली.

साबणाने धुतली, थिनरने पुसली, मग चिकट थर कोरड्या पॉलिश पेपरने खरवडून काढला. पेपर त्यांनी झिजलेल्या स्लिपरच्या तुकड्याला गुंडाळला होता. नुसत्या बोटांनी घासलं तर बोटांचे खळगे उमटतात. नवं रेझिन उन्हात वाळलं. दुसऱ्या दिवशी पाणी लावून घासायचा वॉटर पेपर, आधी जाड, मग बारीक. घासायचं ते पाणी वाहतं त्या दिशेनेच, यावरून मी दोनदा बोलणी खाल्ली.

दोर आणि रेझिन हाताळून काकांच्या बोटांची जाणीवच गेली आहे. म्हणून ते दर थोड्या वेळाने फिन गालावरून फिरवायचे, डोळे मिटून. "हंयसर खरखर आसा अजून." माझ्या बोटाला काहीच लागायचं नाही. मीही गाल पुढे केला, तर फिन झटकन मागे घेतली. "तू नको."

माझ्यावर भरवसा नाही म्हणून, असं मला वाटलं. मी दिवसभर फुगून होते.

परीक्षेच्या दिवशी भरपूर वारा होता आणि फळी एकदाही थरथरली नाही. पास झाले. पेढ्यांचा पुडा घेऊन थेट काकांच्या दारात गेले. ते पडवीत बसले होते. उजवा गाल लालभडक, सुजलेला, वर तेलाने चकाकणारा.

"काचेचो भुगो लागलो," काकी आतून म्हणाल्या. "दोन दिस खाजयत बसलेत. माका सांगतत, दाढी करताना कापला."

'तू नको' का, ते तेव्हा मला कळलं. इतके आभार मानायचे होते. पुडा हातात धरून मी नुसती रडत उभी राहिले.

"बघतंस काय?" काका म्हणाले. "खोबरेल आसा. तेल हंयसर लावचा गो. फिनाक नाय."