चाचांचा संप आणि माझी झुलपं

माणसाला राबवून घ्यायचं आणि त्यानं पगार मागितला की फोन उचलायचा नाही, हे तुम्ही ठेकेदार लोक शिकता तरी कुठे? नाव घेत नाही. ज्याला लागायचं त्याला लागेल. पण तुमच्यापायी मी माझी जी शोभा करून घेतली, ती आज सांगूनच टाकतो.

आमच्या दहिवडीबाहेर माळावर लष्कराचा सराव कॅम्प पडला होता. जवानांचे केस कापायला आमच्या गल्लीतले सलीमचाचा. ते सैन्यातले नव्हेत, ठेकेदारानं लावलेले. तीन महिने पगार नाही, आणि लेकीच्या, शबानाच्या, नर्सिंग कॉलेजची फी तोंडावर आलेली. मी नुकताच साताऱ्याहून कायदा शिकून परतलो होतो. केस खांद्यापर्यंत, तोंडात क्रांती.

"चाचा, संप करा. पगार हातात पडेपर्यंत कुणाच्याही डोक्याला हात लावायचा नाही."

"कुणाच्याबी?"

"कर्नल आला तरी."

चाचांनी कात्री पिशवीत टाकली. दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांची पाहणी होती. मी साहेबांपुढं आमचं म्हणणं मांडायला चाचांबरोबर त्यांच्या केस कापायच्या तंबूत जाऊन थांबलो. तिथं सांगलीकडचे एक हवालदार उभे. माझे केस बघून त्यांचा चेहराच पडला.

"नवा आलास काय रं? बस खुर्चीत."

मला वाटलं, चर्चेला बसवतायत. बसलो. "कामगाराचा हक्क..." म्हणतोय तोवर गळ्याभोवती कापड.

"अहो, मी जवान नाही."

"सगळे नवे असंच म्हणत्यात. सलीम, घे ह्याला."

"मी संपावर हाय," चाचा हाताची घडी घालून म्हणाले.

"मग मीच घेतो."

आणि मशीन कपाळापासून मानेपर्यंत एका दमात. मधोमध दहिवडी-सातारा हायवे!

"चाचा, थांबवा ह्यांना."

"मी कसा हात लावू? तूच म्हणालास न्हवं, कुणाच्याबी."

आता काय सांगू तुम्हाला, कामगारांसाठी जीव द्यायला निघालेला मी दुसरं झुलूप पडायच्या आत फुटलो. "संप मागे घेतला," मी ओरडलो.

"तू घे. मी न्हाई घेत. पोरीची फी भरायची हाय."

इतक्यात साहेब आत आले आणि माझं डोकं बघून थबकले. "ये किसने किया?" हवालदारांनी मशीन पाठीमागं लपवलं. डोक्यावरून विषय संपावर गेला, संपावरून पगारावर. साहेबांनी तिथूनच ठेकेदाराला फोन लावला. त्यांचा बरा त्यानं पहिल्या रिंगला उचलला.

संध्याकाळपर्यंत पैसे देतो म्हणाला. म्हणजे संध्याकाळपर्यंत संप चालूच, आणि चाचा शब्दाचे पक्के. दिवसभर मी तो हायवे घेऊन गावात हिंडलो.

दिवेलागणीला पगार हातात पडला, तेव्हा कुठे चाचांनी मला त्यांच्या अंगणात बसवून उरलेलं उतरवलं. शबाना चहा घेऊन आली. माझ्या चकचकीत डोक्याकडं तिनं नीट बघून घेतलं.

"दादा, पुढची फी दिवाळीनंतर हाय, आन् ठेकेदार तोच हाय. तोवर केस वाढवून ठेवा."